साधन क्रमांक ४१८

मी हवा मोजते. कुणी कामाचं विचारलं की मी एवढंच सांगते, आणि समोरचा हमखास म्हणतो, "मोजून झाल्यावर भरून कशात ठेवता?" हा विनोद मी चौदा वर्षं ऐकते आहे. पहिली दोन वर्षं हसत होते.

आमचं जुन्या नकाशांचं दफ्तर आहे. हातानं रंगवलेले चाळीस हजार नकाशे रुंद, सपाट खणांत आडवे निजवलेले असतात. कागद आणि रंग दोन्ही नाजूक प्रकृतीचे, हवा जरा बिघडली की त्यांना बाधते. म्हणून प्रत्येक दालनातली हवा दिवसातून तीनदा मोजायची आणि वहीत उतरवायची, हे माझं काम. ते मी चोख करते. चोख काम करणाऱ्याला आमच्याकडे भोगावं लागतं. माझ्या बाबतीत भोगलं दुसऱ्यानं.

त्यांना सगळे नकाशेकाका म्हणत. वाचकानं चिठ्ठी लिहून द्यायची, काकांनी हवा तो नकाशा खणातून काढून टेबलावर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवायची आणि परत दाराजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसायचं. हे एकतीस वर्षं चाललं होतं. खुर्ची उंच, कापडी पाठीची. काका डोकं मागं टेकवून बसत. डोक्यावर केस नव्हते, पण तुकतुकी अशी की समोरची खिडकी उघडी आहे की बंद, ते त्यांच्या टाळूवर बघून सांगता यायचं.

चार वर्षांपूर्वी दफ्तरात हवा शुद्ध करण्याचं यंत्र आलं. फार मोठ्या पाहुण्यांनी फीत कापली, भिंतीवर संगमरवरी पाटी बसली, फोटो निघाले. यंत्र विजेच्या जोरावर धूळ पकडायचं आणि धूळ पकडता पकडता ओझोन सोडायचं. ओझोन म्हणजे काय, ते मी साहेबांना तेव्हाच समजावून सांगितलं होतं. ऑक्सिजनचे अणू जोडीनं राहतात आणि सुखात असतात. ओझोनमध्ये त्या जोडीत तिसरा घुसलेला असतो. तिघांचा संसार काही टिकत नाही. तिसरा सारखा बाहेर पडायच्या बेतात असतो आणि पहिलं जे हाताला लागेल त्याला चिकटतो. रबराला चिकटला की रबर तडकतं. फुफ्फुसाला चिकटला की खोकला येतो. निळ्या रंगाला चिकटला की निळा रंग उडतो.

नकाशात निळं म्हणजे पाणी. यंत्र सुरू होऊन सहा महिने झाले आणि बाहेरच्या प्रदर्शनाच्या दालनात नद्या आटायला लागल्या. आधी ओढे गेले, मग उपनद्या. एका प्राध्यापकांनी लेखी तक्रार केली की ज्या तलावावर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं तो तलाव आता नकाशात दिसत नाही. साहेबांनी लेखी उत्तर पाठवलं की पाणीटंचाई आमच्या अखत्यारीत येत नाही, संबंधित खात्याशी संपर्क साधावा.

"साहेब, यंत्र बंद करू या," मी म्हटलं.

"आणि पाटीचं काय करू या?" साहेब म्हणाले.

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा. यंत्र चालू राहिलं.

पण एक गोष्ट जुळेना. हवेच्या एक अब्ज कणांत ओझोनचे किती, तो आकडा मी मोजते. बाकी सगळ्या दालनांत तो बावीस-तेवीस यायचा आणि नकाशाघरात, म्हणजे काका बसायचे त्या दालनात, सहा. यंत्राकडून येणारा नळ तोच, हवा तीच. मी मीटर बदललं, नळ्या धुतल्या, स्वतःवरही संशय घेतला. मग काका ताप येऊन दोन दिवस घरी राहिले, झाडणाऱ्यानं तेवढ्यात त्यांची खुर्ची ढेकणांसाठी बाहेर उन्हात टाकली, आणि आकडा चढला एकवीसवर. ते येऊन खुर्चीत बसले आणि तो उतरला. मी त्यांना तीन तास बाहेर व्हरांड्यात बसवून बघितलं. कमरेच्या दुखण्यामुळे त्यांना दुसऱ्या खुर्चीत बसता येत नसे, म्हणून बिचारे आपली खुर्ची उचलूनच बाहेर गेले. आकडा एकवीस. खुर्ची घेऊन परत आले. चाळीस मिनिटांत आकडा सात.

माणसाच्या कातडीतून तेल पाझरत असतं. बाटलीतलं लावलेलं वेगळं, हे आतलं. ओझोनचा तो तिसरा अणू ह्या तेलावर तुटून पडतो आणि तिथंच संपतो. सगळ्यांच्याच अंगावर हे चालतं, काकांच्या डोक्यावर जरा सढळ हातानं चालत होतं. बदल्यात हवेत दुसऱ्या वाफा सुटतात. मेणाचा आणि थोडा संत्र्याच्या सालीचा वास येतो. त्या वाफाही फार भल्या नसतात, हे मी अहवालाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं. लिंबाच्या वासाचं फरशी पुसायचं औषध बंद करा, कारण लिंबाचा वास आणि ओझोन भेटले की बारीक कण आणि डोळे चुरचुरवणारी वाफ तयार होते, हे पहिल्या पानावर लिहिलं. आमच्याकडे पहिलं पान वाचून सही होते. दुसरं पान टाचणीला आधार म्हणून असतं.

आता माझी चूक. अहवाल साध्या कागदावर चालत नाही, नमुना सातवर द्यावा लागतो. त्यात एक रकाना आहे, "फरकास कारणीभूत साधनाचे नाव". रिकामा सोडला तर नमुना परत येतो. मी लिहिलं, नकाशेकाका. पुढचा रकाना, "साधन कुठे बसवले आहे". मी लिहिलं, दाराजवळ, खुर्चीत. "देखभाल" पुढे लिहिलं, दुपारी चहा. मला वाटलं, कुणीतरी वाचून हसेल.

कुणी हसलं नाही. नमुना भांडारपालांकडे गेला. त्यांना आम्ही टोपीवाले म्हणतो, कारण ते बारा महिने तेरा काळ लोकरीची टोपी घालतात आणि आतलं डोकं कुणी पाहिलेलं नाही. दफ्तरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या वहीत असते. जी वहीत नाही ती त्यांना दिसत नाही, आणि जी वहीत आहे ती त्यांच्या हातून सुटत नाही. ते तिसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमची छोटी पट्टी घेऊन नकाशाघरात आले. पट्टीवर ४१८ कोरलेलं होतं.

"हे कुठं ठोकायचं असतं, ते मला कळेना," ते म्हणाले. "म्हणून पिन लावून आणलंय."

"अहो, ते माणूस आहेत," मी म्हटलं.

"तुम्हीच लिहिलंय ना मॅडम, साधन म्हणून?"

"रकानाच तसा होता."

"रकाना चुकत नाही. माणूस चुकतो."

काकांनी पट्टी खिशावर लावून घेतली आणि वाकून वाचली. त्यांना बरं वाटलं होतं, हे मला दिसलं आणि माझा राग जिरला. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नंबर लावला मला," ते म्हणाले. मीही म्हटलं, असू दे, म्हाताऱ्याला तेवढाच मान.

तिथून पुढे जे झालं त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. नियम होते आणि ते एकामागून एक लागू होत गेले. साधनाला रजा नसते. साधनावर कापड टाकायचं नाही, म्हणून थंडीतही काकांना कानटोपी बंद. साधनाची वार्षिक तपासणी करावी लागते, ती माझ्याकडे. "आवाज" पुढे मी लिहिलं, जेवणानंतर थोडा. "कंपन" पुढे, नाही. आणि साधन दफ्तराच्या बाहेर न्यायचं तर परवाना लागतो, त्यामुळे रोज संध्याकाळी काका फाटकावर उभं राहून स्वतःचा परवाना भरत. साधन: ४१८. नेणारा: खाली त्यांची सही. कारण: झोप. परत: उद्या सकाळी नऊ. स्थिती: चालू. पहारेकरी त्यांना वरपासून खालपर्यंत बघायचा, पट्टीवरचा आकडा परवान्याशी ताडून बघायचा आणि सोडायचा.

परवाना एका रात्रीचाच मिळायचा. फार तर शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. आणि काकांच्या ताई दोन दिवसांच्या वाटेवर राहायच्या.

ताई त्यांच्याहून एकोणीस वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच त्यांना वाढवलं. त्यांची लिंबांची बाग होती. काका दरवर्षी पंधरा दिवस तिकडे जात आणि परत आल्यावर महिनाभर ताईंच्या शिव्या आम्हाला कौतुकानं सांगत. साधन झाल्यावर पहिल्या वर्षी ते म्हणाले, "जाऊ दे, पुढल्या वर्षी." दुसऱ्या वर्षी ताई रुसल्या. तिसऱ्या वर्षी त्यांचा फोन माझ्या टेबलावर आला.

"तू ती हवा मोजणारी का?"

"हो."

"मग ऐक. मला काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेला. डाव्यानं समोरचं तेवढं दिसतं, दाराच्या फटीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणतो, वर्ष संपेपर्यंत ही फटही मिटेल. त्याआधी मला त्याला बघायचंय. आवाज फोनवर ऐकू येतो, तो नंतरही येईल. तोंड आत्ता बघायचंय."

"ताई, परवानगी मिळत नाही हो त्यांना."

"का? तो काय कपाट आहे?"

"कपाट नाही. साधन आहेत."

"कुणी ठरवलं?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळू लागले. पलीकडे त्यांनाही कळलं असावं.

"मग तूच सोडव," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वर्ष संपायला अडीच महिने होते. मी साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना सहीची भीती वाटते. सगळं ऐकून ते हळहळले आणि मग माझाच अहवाल काढून त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. "लिंबाची बाग म्हणता? लिंब आणि ओझोन एकत्र आले की विषारी वाफ होते, हे तुमचंच ना? साधन पंधरा दिवस लिंबात मुरवून परत नकाशाघरात बसवायचं? आणि ह्या पंधरा दिवसांत नद्या गेल्या तर उत्तर कोण देणार?" ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्या आठवड्यात काकांनी एक प्रयत्न केला. शनिवारी संध्याकाळी ते पिशवी घेऊन फाटकाशी आले आणि परवान्यावर "परत" पुढे त्यांनी सोमवारऐवजी पुढच्या महिन्याची तारीख घातली. पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं आणि साधन चोरीचा प्रयत्न म्हणून नोंद केली. चोर म्हणून काकांचं नाव, चोरीचा माल म्हणून ४१८. माल जागेवरच परत मिळाल्यामुळे पुढे चौकशी झाली नाही. पण सोमवारी काका खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी डोकं मागं टेकवलं नाही. मांडीवर हात ठेवून सरळ बसून राहिले.

"स्वतःला पळवताना सापडलो," ते म्हणाले. "एवढं आयुष्य गेलं, कधी पेन्सिल घरी नेली नाही."

मला रडू आलं आणि मी वहीत तोंड खुपसून आकडे लिहीत बसले.

वर आणखी गंमत अशी की महिनाअखेरीला काका निवृत्त व्हायचे होते. मी म्हटलं, चला, सुटले. साहेब म्हणाले, "निवृत्ती वयावर असते आणि वय माणसाला असतं. साधन निकामी ठरेपर्यंत चालू." निकामी ठरवायला तीन जणांची समिती लागते. साहेब, टोपीवाले आणि मी.

"ठरवू या ना निकामी," मी म्हटलं.

"चालणारं साधन निकामी कसं ठरवायचं? तपासणी करावी लागेल."

पहिल्या तपासणीच्या आदल्या रात्री मी काकांना भांडी घासायचा साबण दिला आणि डोकं तीनदा धुवायला सांगितलं. सकाळी ते आले तेव्हा त्यांची टाळू कोरड्या बशीसारखी दिसत होती. मी मनात खूश झाले. दहा वाजता आकडा आठ होता. साडेअकराला सात. बाराला काकांच्या कपाळावर पहिली चमक दिसली आणि एकपर्यंत आकडा सहावर आला. कातडी कुणाचं ऐकत नाही. टोपीवाल्यांनी वहीत लिहिलं, "साधन उत्तम स्थितीत". काकांनी माझ्याकडे अपराध्यासारखं बघितलं. जणू घामाघूम होऊन परीक्षेत पहिले आले होते.

दुसरी तपासणी उलटी होती. साधन तीन तास दालनाबाहेर ठेवायचं. तरीही आकडा दहाच्या आत राहिला तर साधनाची गरज नाही, म्हणजे ते निकामी. ह्यात हरणार हे मला ठाऊक होतं. आकडा एकवीसवर जातो, हे मीच मोजून लिहिलं होतं. ताईंचा फोन आठवड्यातून दोनदा यायचा आणि त्या आता फक्त एवढंच विचारायच्या, "कुठवर आलं?"

तपासणीच्या सकाळी साहेब, टोपीवाले आणि मी नकाशाघरात जमलो. मीटर लावलं. सहा. साहेबांनी खूण केली. काका उठले आणि सवयीनं खुर्ची उचलायला वाकले.

"खुर्ची कुठं नेता?" टोपीवाले म्हणाले.

"बाहेर बसायला."

"ती नेता येणार नाही. तुम्ही साधनांच्या वहीत. खुर्ची फर्निचरच्या वहीत. फर्निचरला दालन सोडायचं तर वेगळा परवाना, आणि त्याला आठ दिवस लागतात."

"अहो, त्यांची कंबर दुखते," मी म्हटलं. "तीन तास उभं ठेवणार का म्हाताऱ्या माणसाला?"

"कंबर वहीत नाही," टोपीवाले म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांची टोपी खेचून खिडकीबाहेर फेकावीशी वाटली. काका बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. दार लागलं. आम्ही तिघं मीटरकडे बघत बसलो.

अर्ध्या तासानं आकडा सहा. तासानं सहा. मी मीटरला टिचकी मारली. दीड तासानं सात. साहेब आपल्या हाताच्या बोटांची नखं बघत होते. दोन तासांनी सात. मी नळी तपासली, बॅटरी तपासली, यंत्राच्या झरोक्याशी जाऊन आले. तिथं पंचवीस होतं, म्हणजे मीटर शाबूत होतं. तीन तासांनी आकडा आठ.

"निकामी," टोपीवाले म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.

साहेबांनी सही केली. सही करताना पहिल्यांदा त्यांचा हात थरथरला नाही, कारण आकडा दुसऱ्याचा होता. मी मात्र जागच्या जागी उभी होते. चौदा वर्षं हवा मोजणाऱ्या बाईला हवेनं तोंडघशी पाडलं होतं. ते दोघं गेल्यावर मी मीटर उचललं आणि दालनभर फिरले. भिंतीशी सात. खणांशी आठ. मग खुर्चीशी गेले आणि नळी कापडी पाठीला लावली. दोन.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकतीस वर्षं काकांचं डोकं त्या कापडावर टेकत होतं. कापडात, आतल्या काथ्यात, लाकडाच्या कडांत त्यांचं तेल मुरलं होतं, आणि ओझोन तिथं येऊन संपत होता. काका तापानं घरी होते तेव्हा खुर्ची उन्हात होती, आणि मी त्यांना बाहेर काढलं तेव्हा खुर्चीही गेली होती. मी दोघांना मिळून मोजलं होतं आणि पट्टी एकालाच लागली.

मी चोख बाई आहे. खरं ते लिहायलाच हवं होतं. मी अहवालाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं, "हा परिणाम खुर्चीचा असावा, खुर्ची हलवू नये." मग टाचणी लावून दिला.

काकांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ पायरीवरून उठलेच नाहीत. मला वाटलं होतं, आनंदानं उठतील.

"म्हणजे मी नव्हतोच," ते म्हणाले. "खुर्चीच होती."

"काका, खुर्चीत जे आहे ते तुमचंच आहे ना."

"तसं नव्हे गं. तीन वर्षं मी हललो नाही. एकदा जोराची लागली होती तरी उठलो नाही, वाटलं, आपण गेलो आणि तेवढ्यात एखादी नदी गेली तर." त्यांनी पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. "असो. ताईला फोन लाव."

त्या संध्याकाळी त्यांनी शेवटचा परवाना भरला. कारण: बहीण. स्थिती: निकामी. "परत" पुढे त्यांनी रेघ मारली. पहारेकऱ्यानं रेघेकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि उठून फाटक पूर्ण उघडलं. एरवी तो छोटी खिडकीच उघडायचा.

तिसऱ्या दिवशी रात्री ताईंचा फोन आला.

"पोचला."

"दिसले का?"

"दिसला. समोर कंदिलासारखा धरून बसवलं त्याला. कान मोठे झालेत त्याचे. आमच्या बाबांचे व्हायचे तसे. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

मागून काका काहीतरी म्हणाले आणि त्या त्यांच्यावर खेकसल्या. मग मला म्हणाल्या, "बरं केलंस." मी फोन ठेवला आणि आईला मिठी मारली. आई म्हणाली, पगारवाढ झाली का.

ती फट डॉक्टरांनी सांगितल्याच्या पंधरा दिवस आधीच मिटली. आता काका ताईंचा हात धरून बागेत फिरतात आणि कुठल्या झाडाचं फळ पिवळं झालं ते सांगतात. ताई म्हणतात, चुकीचं सांगतोस, वास तसा येत नाही. फोनवर दोघांचं भांडण ऐकत मी जेवते.

इथं माझ्या वहीत मात्र आकडा हळूहळू चढत होता. मुरलेलं तेलही खर्च होतं. ओझोन रोज थोडं थोडं खातो आणि भर घालणारं डोकं आता तिथं नाही. आठचा नऊ झाला, नऊचा अकरा, अकराचा तेरा. आणि काकांच्या सुटकेच्या पत्रावर साहेबांनी, भीतीची जुनी सवय म्हणून, खाली एक ओळ लिहून ठेवली होती. आकडा पंधराच्या वर गेल्यास साधन दुरुस्त करून परत बोलवावे.

साहेब ते करतील, हे मला माहीत होतं. पत्र जाईल, आणि पत्र गेलं की काका येतील, कारण एखादी नदी गेली तर काय, ही त्यांची काळजी खरी होती. मग बागेत ताईंचा हात कोण धरणार? वहीत खोटा आकडा लिहिणं सोपं होतं. ते मला जमत नाही. त्याऐवजी मी डोकं धुणं बंद केलं.

दुपारच्या सुट्टीत नकाशाघर रिकामं असतं. मी दार लोटून काकांच्या खुर्चीत बसते, डोकं मागं टेकवते आणि कापडावर जरा इकडून तिकडे घासते. अर्धा तास. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात तेराचे साडेबारा झाले. आई माझ्या केसांकडे बघून म्हणते, "काय ही दशा करून घेतलीस?" मी म्हणते, ऑफिसचं काम आहे. लोक माझ्याशी बोलताना अर्धं पाऊल मागं उभे राहतात. पण एकट्या बाईचं डोकं पुरत नाही. गेल्या सोमवारी आकडा परत तेरा झाला, बुधवारी साडेतेरा.

काल मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते तेव्हा दार वाजलं. टोपीवाले आत आले. त्यांच्या हातात माझा अहवाल होता, आणि दुसरं पान वर होतं. चौदा वर्षांत माझं दुसरं पान उघडं पडलेलं मी प्रथमच पाहत होते.

"फर्निचरची वही तपासत होतो," ते म्हणाले. "खुर्चीच्या नावापुढे काहीतरी टाचून काढल्याचं भोक सापडलं. मग हे शोधलं."

"लिहून घ्या," मी म्हटलं. "काय लिहायचं ते लिहा. मी उठणार नाही."

ते उभेच राहिले. त्यांनी मीटरकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे, मग खुर्चीच्या पाठीवर पडलेल्या दोन डागांकडे, एक मोठा जुना आणि एक छोटा नवा. त्यांनी अहवालाची घडी घातली आणि ती कुठल्याही वहीत न ठेवता खिशात ठेवली.

"किती वेळ बसावं लागतं?" त्यांनी विचारलं.

"अर्धा तास. डोकं टेकवून."

त्यांनी दाराकडे एकदा बघितलं, दार लावून घेतलं, आणि टोपी काढली. मी उठून त्यांना खुर्ची दिली.